बारा ब्रश आणि विठाबाई

लग्नाच्या आहेरात शोभेची वस्तू दिसली, की तळेगाव ढमढेऱ्याची करुणा हमखास विचारते, "हे बनवलंय कशासाठी?" लोक हसतात. हसू देत बापडे. याच प्रश्नावर तिची नोकरी चालते. शिरूरजवळच्या एका कंपनीत परदेशातून आलेला माल कस्टमच्या कुठल्या रकान्यात बसतो, ते ती ठरवते. कागदावर सही मात्र सहा वर्षं तिच्या साहेबांची, इंद्रजीत सरांची. हे तिला सलतं, आणि सलावंच.

परवा मेकअपचे सुटे ब्रश आले, बारा प्रकारचे. सरांनी तिला न विचारता, न बघताच सगळे 'प्रसाधन लावायचे ब्रश' या एकाच रकान्यात कोंबले. कस्टमच्या अधिकाऱ्यानं माल अडवून हरकत घेतली: प्रत्येकाचा उपयोग लिहून द्या. सर वैतागले.

"करुणाताई, उत्तर तुम्हीच लिहा. टिकलं, तर यापुढं सही तुमची."

पंचाईत अशी, की कॅटलॉग चिनी भाषेत आणि करुणानं जन्मात पावडरीपलीकडं तोंडाला काही लावलेलं नाही. नमुने पिशवीत घालून ती घरी आली.

ओट्यावर ब्रश मांडले तशी आळी गोळा झाली. सोजरामावशींनी सगळ्यांत मोठा उचलला. "ह्यो काटवटीतलं पीठ झाडाया झ्याक हाय!" तारेला पीळ घालून मधे केस बसवलेला एक बारका होता. तो शिलाई मशीन पुसायला म्हणून करुणाच्या आईनं, विठाबाईनं, चक्क बाजूला काढून ठेवला.

"अगं, तुम्ही कशाला वापराल ते नको. तो बनवलाय कशासाठी?" करुणा तडकली.

"मंग आमाला कशापायी इचारती?" मावशी म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं.

शेवटी करुणानं आईलाच खुर्चीत बसवलं. मोठ्या ब्रशनं गालावर पावडर पसरली, चपट्यानं ती पापण्यांवर नेमकी बसली, बाकीच्यांनीही कुठं ना कुठं लागली. पिळाच्या ब्रशवर पावडर काही टिकेना. मग तिनं तो पापणीच्या केसांवरून फिरवला, आणि केस न् केस सुटा झाला. दाढीचे, नखांचे, पापण्यांचे ब्रश कस्टमच्या पुस्तकात वेगळ्या रकान्यात असतात. म्हणजे सर चुकले होते!

विठाबाईनं आरशात पाहिलं. सगळा जन्म खुरपणीत गेलेली बाई. "माज्या तोंडावरनं इतक्या मायेनं कुणी हात फिरिवला न्हवता गं," ती म्हणाली. करुणानं मोठा ब्रश पुन्हा एकदा तिच्या गालावरून फिरवला.

रात्र व्हायच्या आत उत्तर तयार झालं. अकरा ब्रश इकडं, एक तिकडं. खाली तिनं लिहिलं: 'प्रत्यक्ष लावून पाहिले. विठाबाई, वय ६७, शेतमजूर.'

"चूक माझीच," सरांनी दुसऱ्या दिवशी कबूल केलं. "पण ही शेवटची ओळ काढा. हसतील ते. आणि करा सही."

करुणानं पेन खाली ठेवलं. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली, ते समोर होतं. "ओळ काढायची असेल तर सही तुम्हीच करा, सर. तोंड तिचं होतं."

सरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग कागद ओळीसकट तिच्याकडं सरकवला.

कस्टमनं उत्तर जसंच्या तसं मान्य केलं. विठाबाईला सांगितलं, तर तिचा आधी विश्वासच बसेना.

"माजं नाव सरकारी कागदावर? रोजगार हमीच्या हजेरीत न्हवं?"

"हजेरीत न्हवं, आई. तुझ्या साक्षीवर माल सुटला."