देवी विलायतेला निघाल्या

परवा लेकीकडे परदेशी जायचं म्हणून लस टोचून आले. नर्सनं दंडावर कापसाचा बोळा दाबला, "हो गया, आंटी" म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. घरी येऊन वरणाला फोडणी द्यायला कढई ठेवली आणि माझा हात थांबला. टोचून आलेल्या बाईनं त्याच दिवशी फोडणी द्यायची? आई असती तर तिनं कढई हिसकावूनच घेतली असती.

आमच्या ग्वाल्हेरच्या घरातून सगळ्यात आधी परदेशी गेली ती माझी ताई. विलायतेत नर्सिंग शिकायला. संस्थान नुकतंच विलीन होऊन मध्यभारत झाला होता. राजधानी कोणाची यावरून ग्वाल्हेर आणि इंदूर भांडले, तेव्हा तोडगा निघाला की थंडीत सरकार आमच्याकडे राहील आणि उन्हाळ्यात इंदूरला जाईल. दोन बायकांच्या दादल्यासारखं ते सरकार दरवर्षी पेट्या बांधून निघायचं. बाबा सरकारी कचेरीत होते, त्यांना हे नाटक पाठ होतं. बोटीसाठी लागणाऱ्या देवी टोचल्याच्या दाखल्यावर आरोग्य खात्याचा शिक्का लागे. बाबा म्हणाले, "शिक्का इंदूरला जायच्या आत हिला टोचून घेऊ, नाहीतर बोट निघून जाईल आणि आपण शिक्क्याच्या मागे फिरत बसू."

आईला बोट गेली असती तरी चाललं असतं. ताई जाणार हे ठरल्यापासून ती रडत होती. पोळ्या लाटताना रडे, ट्रंकेत सुंठ, ओवा, मेतकूट भरताना रडे, मध्येच माझ्या वेण्या घालताना रडे आणि माझी मान भिजे. मला तर राग यायचा. जाणार ताई आणि ओली मी! एकदा गच्चीवर वाळवण राखताना ताई मला म्हणाली, "आई स्टेशनवर अशी रडली ना, तर मी गाडीतून उतरून येईन. मग कधीच जाणं होणार नाही." ताईचा शब्द म्हणजे शब्द. त्या दिवसापासून मला आईच्या डोळ्यांची धास्तीच बसली.

इंदरगंजच्या डॉक्टरांनी ताईला टोचलं. लहानपणी टोचलेल्या देवी दंडावर होत्याच, त्यामुळे डॉक्टर म्हणाले, फार काही होणार नाही. पाणी उकळून प्यायचं, बंदरावर कापलेली फळं घ्यायची नाहीत, एवढं सांगून त्यांनी दाखला दिला. बाबांनी धावत जाऊन त्यावर शिक्का मारून आणला, तेव्हा कचेरीत पेट्यांना दोर आवळणं चालू होतं म्हणे.

पण देवी उठल्या, आणि चांगल्याच उठल्या. दंड सुजला, ताप आला. आईनं दाराला कडुलिंबाची डहाळी बांधली आणि घरातली फोडणी बंद केली. देवी अंगात असताना घरात तेल कडकडवायचं नाही, त्यांचा दाह वाढतो. दहीभात, साधं वरण, दूध. बाबा म्हणाले, "अगं, ही सरकारी देवी आहे, सुईतून आलेली."

"कुठूनही येवोत. आल्या ना?" आई म्हणाली.

आणि ज्याच्या अंगात देवी आल्या त्याला अरेतुरे करायचं नाही, त्याचं मन मोडायचं नाही, हाही आमच्याकडचा रिवाज. तोवर जिला दिवसातून चार वेळा "कार्टे" म्हणायची, तिच्यासमोर आई हात जोडून उभी राहिली. "देवी आई, काय हवंय तुम्हाला?"

ताईला ताप होता, पण बेत आखण्याइतकी शुद्धही होती. डोळे मिटूनच ती म्हणाली, "देवी जाईपर्यंत या घरात कोणी रडायचं नाही."

आईनं जोडलेले हात कपाळाला लावले. मग म्हणाली, "बरं."

आणि ती खरंच रडायची थांबली. डोळे भरून आले की पदर दातात धरून अंगणात जायची, परत यायची ती कोरड्या चेहऱ्यानं. ते मला रडण्यापेक्षाही बघवत नव्हतं. ताप उतरला, पण निघायचा दिवस आला तरी खपली दंडाला घट्ट धरून होती. आणि खपली पडल्याशिवाय देवी गेल्या म्हणायचं नाही.

दारात टांगा आला. शेजारच्या जिज्जींनी ताईला मिठी मारून सूर लावला, "हाय, बिटिया सात समंदर पार जा रही है!" आईनं त्यांचा हात धरून बाजूला केलं. "जिज्जी, रोना नहीं. माता अभी घर में हैं."

स्टेशनवर ताई खिडकीशी बसली. ती आईकडे बघत होती आणि मी दोघींकडे. गाडी हलली आणि ताईचाच बांध फुटला. आई गाडीबरोबर चालत राहिली, खिडकीतून हात घालून तिनं ताईचे डोळे पुसले आणि म्हणाली, "देवी आई, तुम्ही सोबत जाताहात, मला कसली काळजी? पोरीला सांभाळा." गाडी गेली. आईचे डोळे कोरडेच होते.

मला वाटलं, आता घरी जाऊन रडेल. पण नाही. दाराची डहाळी तशीच राहिली आणि ताटात फिक्कं वरणही तसंच आलं. बाबा म्हणाले, "अगं, आता कुणासाठी? ती तर गेली." आई म्हणाली, "ती गेली. देवी कुठे गेल्यात अजून?" बाबांनी मुकाट्यानं वरणात लिंबू पिळलं. डहाळीची पानं वाळून उंबऱ्यावर गळायला लागली, आई ती झाडायची आणि डहाळी तिथंच ठेवायची.

मग वाटेतल्या एडन बंदरातून ताईचं पत्र आलं. समुद्र लागला, मेतकूट-भातावर निभावलं, पाणी उकळलेलंच मिळतं, आणि शेवटी, आईला सांगा, काल खपली पडली.

बाबांनी ते वाक्य तिच्यासाठी पुन्हा वाचलं. आई उठली. डहाळी सोडून तुळशीत ठेवली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि चुलीवर कढई चढवली. तेल तापलं, मोहरी तडतडली आणि आईनं मूठभर सुक्या लाल मिरच्या तेलात टाकल्या. मिरच्यांचा खाट घरभर पसरला. आई चुलीपुढे बसली आणि मोठ्यानं रडायला लागली.

बाबा आणि मी माजघरात होतो. खोकून खोकून जीव चालला होता, डोळ्यांना धारा लागल्या होत्या. खिडकी बाबांच्या हाताशीच होती. त्यांनी ती उघडली नाही, आणि मीही उघडा म्हणाले नाही.