सिस्टरम्मांचं बोंडलं

आमच्या गल्लीत सिस्टरम्मांची मोपेड वळली की बायका उंबऱ्यावर येत आणि ती कुठल्या दारी थांबते ते बघत. मिशनच्या दवाखान्यातली नोकरी संपल्यावर त्या घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं अंग पुसत, कूस बदलून देत, भरवत. पांढरी सुती साडी, काळ्या दोऱ्यात क्रूस, आणि डब्यात स्वतःचं स्टीलचं बोंडलं. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं असतं ना, तेच. इथले तमिळ लोक त्याला पालाडै म्हणतात.

त्या बोंडल्याला त्या घरच्या कुणाला हात लावू देत नसत. "ठसका लागेल," एवढंच म्हणत. पण एखाद्या दिवशी आपण होऊन ते आजाऱ्याच्या मुलाच्या हाती देत. मग गल्ली समजून जाई. ठसक्याला भ्यायचे दिवस सरले, आता शेवटचं पाणी घरच्या हातून जाऊ दे. तोंडानं त्या काही सांगत नसत.

हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मला नव्हतं. मिसरूड फुटायच्या आत मी घर सोडलं होतं आणि बापाच्या ओळखीवर नाही, स्वतःच्या जिभेवर नारळाचा धंदा उभा केला होता. आईचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा परत आलो. घरी दादा होता, वहिनी होती.

पहिल्याच दिवशी मी सिस्टरम्मांशी घासाघीस करायला बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नारळ हलवून बघतात तसं मला हलवून बघू नका, तम्बी," त्या म्हणाल्या. धाकट्या भावाला इथं तम्बी म्हणतात. "सकाळ-संध्याकाळ येईन. मी असेपर्यंत या खोलीत आवाज चढवायचा नाही."

माझा आवाज कसा आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

त्या आल्या की आधी तळवे एकमेकांवर घासून ऊन करत, मग आईला हात लावत. उभ्या जन्मात दुसऱ्याच्या घरचं पाणी न प्यालेली माझी आई त्यांचं "आई, आ करा" ऐकल्यावरच तोंड उघडायची. आमच्या मराठीतले तेवढेच शब्द त्या शिकल्या होत्या. पाजताना त्यांचे ओठ हलत. प्रार्थना असावी. आईची बोटं त्यांच्या पदराशी चाळा करत असत.

ऐप्पसीतली, म्हणजे इथल्या पावसाच्या महिन्यातली, ती दुपार. आभाळ उतरून माडांच्या शेंड्यांना टेकलं होतं आणि वारा अजिबात नव्हता. पापनाशमला माझा माल अडकलेला. मी फोनवर एकाशी भांडत होतो. सिस्टरम्मांनी बोंडलं माझ्यापुढे धरलं.

"हे तुमचं काम," मी म्हणालो.

त्यांनी ते पुन्हा पुढे केलं. दादा ऑफिसात होता. समोरच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. मला वाटलं, बाई कामचुकारपणा करते आहे. मी चिडून बाहेर पडलो. त्यांनी ते वहिनीच्या हातात दिलं.

परत आलो तर दारात चपलांचा ढीग.

तेराव्याला आमची एक आत्या जेवता जेवता म्हणाली, "एवढा मोठा सौदागर, पण आईला पाणी सुनेच्या हातचं." वहिनीनं मान खाली घातली. पण त्या दिवसापासून घरात तिचा शब्द माझ्या शब्दाच्या वर.

मी सिस्टरम्मांना भर रस्त्यात अडवलं. "तोंडानं का नाही सांगितलं?"

"आई ऐकत होत्या, तम्बी."

म्हणून काय झालं? मला अंगणात बोलावून सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. ते मी आजही म्हणतो.

या वर्षी त्यांनीच अंथरूण धरलं. देवळामागं, म्हणजे त्यांच्या चर्चमागं, एक खोली. मूलबाळ नाही. भाची रजा काढून आली होती. मी शहाळी घेऊन जायला लागलो. मनात होतं की एकदा त्यांच्याकडून कबूल करून घ्यावं. पण भाची ऊन तळव्यांनी त्यांचे पाय चोळत असायची आणि माझा आवाज चढायचाच नाही.

परवा दुपारी गेलो तर पुन्हा तसंच आभाळ. खिडकीतल्या कावळ्यालासुद्धा ओरडावंसं वाटत नव्हतं. भाची शहाळ्याचं पाणी बोंडल्यानं पाजत होती. सिस्टरम्मांनी तिच्या हातून ते काढून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.



"भाचीला द्या," मी म्हणालो. "मी घेणार नाही."

"शहाळं... तुमचं," त्या पुटपुटल्या. "पाजायला दुसरा?"

"मग तोंडानं सांगा. आज तरी सांगा."

त्यांनी डोळे तेवढे भाचीकडे वळवले. ती पोर हसत होती. मावशी बोलली म्हणून तिला आनंद झाला होता.

मी बोंडलं घेतलं. तळवे आधी घासून घेतले. चोच त्यांच्या ओठांच्या कडेला लावली आणि थेंब थेंब सोडत राहिलो.

"आज बऱ्या दिसतात ना, अंकल?" भाचीनं विचारलं. "किती छान घेतायत."

सिस्टरम्मा माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे कान जागे होते.

"हो," मी म्हणालो. "शहाळं गोड आहे."