बर्फाचं मंडळ

मरणाला नुसतं 'थांब' म्हणणारा माणूस साऱ्या मुदखेडात एकच झाला, तो म्हणजे आमचे साडू. उभा जन्म बर्फाच्या कारखान्यात काढला. लग्नातल्या सरबताला कुणी लादी न्यायला आलं, की साडू लादीबरोबर व्याख्यान फुकट द्यायचे. परदेशात म्हणे मेलेल्या माणसाला गारठवून ठेवतात अन् पुढं औषध निघालं की उठवतात. "मग आपणच का सडायचं?" असं विचारायचे. चहासुद्धा गार करून प्यायचे. गरमानं माणूस आतून शिजतो म्हणायचे.

पुढं त्यांनी मेल्यावर गारठून राहणाऱ्यांचं मंडळच काढलं. गाव हसलं, पण आम्ही चार-पाच जण सामील झालो. साडूला धास्ती एकच, आपण गेल्यावर बर्फ लावायला कुणी येईल का? म्हणून दर ऐतवारी सगळ्यांकडून वचन घ्यायचे. तरी मंडळ पहिल्याच उन्हाळ्यात फुटलं. आमचा शिंपी म्हणाला, नुसतं डोकं ठेवलं तरी बास, धड काय, पुढं नवं शिवता येईल. साडू म्हणाले, "तू पायजमे शिव." शिंप्यानं शाळेतल्या मास्तरला फोडलं अन् दुसरं मंडळ काढलं. मग मी विचारलं, मेव्हणीचं काय? मेव्हणी चुलीपुढूनच म्हणाली, "पुन्हा उठून पुन्हा यांच्याच भाकरी थापू? मला झोपू द्या." मी म्हणालो, "साडू, बायको नसंल तर उठून करायचं काय?" ते म्हणाले, "उठल्यावर बघू." असलं उत्तर मी ऐकून घेत न्हाई. तिसरं मंडळ काढलं. नियम एकच, जोडीनं उठायचं, न्हाई तर उठायचंच न्हाई. आमच्या बायकोनं नकार दिला, त्यामुळं माझ्या नियमानं मलाच उठता येईना. तरी नियम बदलला न्हाई.

लोक विचारायचे, मूठभर माणसं, त्यात तीन मंडळं कशाला? अहो, बाकीचे नुसते हसून जातात. भांडायला आपली गोष्ट खरी मानणारा माणूस लागतो, अन् तसे साऱ्या मुलखात आम्हीच होतो.

गेल्या वैशाखात साडू भर दुपारी गेले. लेक पुण्याला, सकाळशिवाय पोचणार न्हाई. मी लाद्या आणायला निघालो, तर शिंपी अन् मास्तर हातगाड्यावर गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या घेऊन समोरून येऊन राहिले होते. नुसतं डोकं बास म्हणणाऱ्या शिंप्यानं पायाशी लादी स्वतःच्या हातानं लावली.

सकाळी लेक आली. बापाच्या गालावर हात ठेवून लई वेळ बसली. मेव्हणी तिला म्हणाली, "तुझ्यासाठी थांबले बघ." मग आमच्याकडं वळून म्हणाली, "आता जाऊ द्या त्यांना." आम्ही उचललं, तेव्हा बर्फाचं पाणी उंबऱ्यावरून अंगणात चाललं होतं.

शिंपी आता म्हणतो, मंडळं एक करू, भांडण कशाला ठेवायचं. पण भांडण साडूशी होतं. त्यांच्या माघारी मी एकट्यानं कसं मिटवू? शिंप्याला एवढंच सांगितलं, उठल्यावर बघू.