जांभूळ कसं लागतं?

लग्न होऊन हिंदी मुलखात, रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये आले, तेव्हा सासूबाईंच्या गोष्टी मला फक्त गोष्टीच वाटायच्या. संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्या नणंदेला सांगायच्या, मी पोळ्या लाटत ऐकायची. आळशी मांजराच्या गोष्टीला तर मी खळखळून हसले होते. नणंदेनं मग बाजूला घेऊन समजावलं, ‘‘वहिनी, वो मांजर आप थीं. लेकी बोले सुने लागे, हे नाही ऐकलं का?’’

तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत मी स्वतःला शोधू लागले. ऐकण्यातली मजाच गेली.

गेल्या हिवाळ्यात सिहोऱ्याचे मटार सोलत आम्ही तिघी बसलो होतो. सासूबाईंनी नणंदेकडे बघत सुरुवात केली. ‘‘दोन साळुंक्या होत्या. एक दिवसभर उडायची, दुसरी घरटं राखायची. उडणारी सांगायची, नदीकाठी जांभूळ पिकलंय. घरातली विचारायची, कसं लागतं ग? ती म्हणायची, गोड. पण आज दमले बाई. अन् झोपून जायची. मग एक दिवस घरातलीनं विचारणंच सोडलं.’’

मी राइट टाउनमधल्या ऑफिसातून नुकतीच आले होते. घरी येऊन ही दोन शब्द बोलत नाही, असाच टोमणा असणार. डोळे भरून आले.

‘‘आई, ती उडणारी मीच ना? सरळ रागवा मला.’’

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ‘‘रागवू काहून? मी तर घरातलीची गोष्ट सांगून राहिली.’’

तरी मला कळेना. त्याच म्हणाल्या, ‘‘तुझ्या ऑफिसाच्या वरती बायांचा पेटीचा क्लास आहे, असं तूच सांगितलं होतं. मी पुढं विचारलं तर तू झोपायला गेली. लग्नाआधी वाजवायची मी पेटी.’’

‘‘मग सरळ म्हणायचं ना, मला ने म्हणून!’’

‘‘अन् तू नाही म्हटलं असतं तर? गोष्टीला कोणी नाही म्हणत नाही.’’

आडून बोलणं म्हणजे टोचणं, एवढाच अर्थ मी धरला होता. ज्याला उघड मागायची लाज वाटते, त्यालाही आडोसा लागतो, हे ध्यानातच आलं नव्हतं. शिवाय सगळ्या गोष्टींत मी स्वतःलाच बसवत होते. सांगणारीही गोष्टीत असू शकते, हे सुचलंच नाही.

पुढच्या शनिवारी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. क्लासमध्ये त्या शेवटच्या ओळीत बसल्या. बोटं आधी अडखळली, मग काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्यांना एकेक आठवत गेल्या. मी दारातच उभी राहिले. निघताना क्लासच्या बाईंना त्यांनी स्वतःहून विचारलं, ‘‘दीदी, मी रोज आली तर चालेल?’’

आता घरातही त्या बरंच सरळ बोलतात. कधी कधी जरा जास्तच. परवा पहिल्याच घासाला म्हणाल्या, ‘‘आमटी बिघडली तुझी.’’