कमळवाल्याचा रंग

मावशींचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण वीस वर्षांत संग्रहालयात ते कुणी उच्चारलं नव्हतं. साहेबांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांच्या त्या मावशी. खालच्या दालनातल्या साठेक दगडी मूर्ती झाडायच्या, एवढंच त्यांचं काम. पण ते त्या अशा तोऱ्यात करायच्या, की बुद्ध काय आणि विष्णू काय, यांच्याच जिवावर उभे आहेत असं वाटावं. जुने मोठे साहेब म्हणायचेच, हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे.

घरी मात्र हा तोरा चालत नसे. थोरली बहीण मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, नाकाने कांदे सोलणारी. धाकटी काय करते असं कुणी विचारलं, की "नोकरीत आहे" म्हणून ती विषय बदलायची. म्हणूनच त्या रविवारी मावशींनी तिला हट्टाने आणलं. गणवेश न घालता, पुढच्या दाराने, तिकीट काढून त्या पहिल्यांदाच आत गेल्या.

ताई दिसेल त्या मूर्तीला हात जोडत निघाली. गदा घेतलेल्या द्वारपालालाही तिने जोडले. तो देव नाही, राखणदार आहे, असं मावशींनी सांगितलं तेव्हा म्हणाली, "असू दे, ड्युटीवर आहे बिचारा." पुढे शेषाच्या फण्यांमधली धूळ कशी काढतात, बुद्धाच्या केसांच्या वळ्यांना कुठला ब्रश लागतो, हे मावशी सांगू लागल्या आणि ताई खरोखर ऐकू लागली. "तुला बरंच येतं की गं," असंही म्हणाली. पन्नाशी उलटलेल्या बाईला एवढ्याशा वाक्याने रडू यावं, याचं मावशींनाच नवल वाटलं.

दालनाच्या टोकाला हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व होता. सगळे त्याला कमळवाला म्हणत. आज त्याच्यापाशी लाकडी शिडीचा घोडा लावून, त्यावर चढून एक बाई भिंगातून वस्त्राच्या चुण्या तपासत होत्या. मूर्तींवरच्या जुन्या रंगांची तपासणी करायला त्या आठवडाभर आलेल्या. खाली दालनाचे पहारेकरी काका मान खाली घालून उभे होते. जुन्या नोंदवहीत या मूर्तीच्या चुण्यांमध्ये लाल रंग शिल्लक असल्याचं लिहिलं होतं, दीड हजार वर्षांपूर्वीचा. आता कणभरही नव्हता. कुणीतरी घासलाय, बाई म्हणाल्या. लोकांना हात लावू दिला असणार, पहाऱ्यात ढिलाई झाली, असं अहवालात लिहावं लागेल. काकांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती.

मावशी ताईच्या मागे सरकल्या. कारण घासणारं दुसरं कुणी नव्हतंच. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मोठे पाहुणे यायचे होते. कमळवाल्याच्या अंगावरचे ते लालसर डाग मावशींच्या डोळ्यांत खुपत होते. कुणीतरी काहीतरी सांडलंय आणि आधीच्या बाईने आळसाने तसंच ठेवलंय, अशी त्यांची खात्री. कोरड्या ब्रशाशिवाय काही वापरायचं नाही, हा नियम त्यांना पाठ होता. तरी रोज दालन उघडायच्या आधी, धुण्याचा सोडा आणि ओलं फडकं घेऊन, त्यांनी महिनाभर एकेक चुणी घासली. लक्ष्मीचं ते वाक्य साहेब त्यानंतरच म्हणाले होते. पुढे केव्हातरी एका पाहुण्याच्या बोलण्यातून मूर्तींना रंग असायचे हे मावशींच्या कानावर आलं, आणि त्या दिवसापासून कमळवाल्याला पुसताना त्या वर बघत नसत.

त्या महिन्यात पाणी आणून द्यायचे ते हेच काका.

दालन झाडणाऱ्या मावशी याच, हे बाईंना ठाऊक होतं; त्यांनी वळून विचारलं, की साफसफाई कशाने करता. ताई शेजारीच उभी होती.

"कोरड्या ब्रशाने. बाकी काकांनाच माहीत," मावशी म्हणाल्या.

काकांनी एकदाच वर पाहिलं. मग बाईंना सांगितलं, "माझंच लक्ष नसेल राहिलं. लिहा तुम्ही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि संन्यासी स्वतःच दोर गळ्यात घालत होता. मावशी ताईला घेऊन दारापर्यंत आल्या. ताई म्हणाली, "बघ, असली माणसं ठेवतात पहाऱ्यावर. तुझ्यासारखी चार असती ना, तर काही बिघडलं नसतं." मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर ज्या कौतुकाची वाट पाहिली, ते असं चोरीच्या मालासारखं हातात आलं होतं.

त्या मागे फिरल्या. ताई "अगं, काय झालं" म्हणत मागोमाग आली. कमळवाल्यापाशी पोचल्यावर, तिच्यादेखत, मावशींनी सगळं सांगितलं. सोडा, फडकं, महिनाभर. काकांनी काही केलेलं नाही, हे दोनदा सांगितलं.  ताई बाजूच्या पाटीवरची अक्षरं वाचत राहिली, मुख्याध्यापिका असूनही एकच ओळ कितीतरी वेळ.

बाई रागावतील, हाकलून देतील, अशा तयारीने मावशी उभ्या होत्या. ते सोसलं असतं. बाईंनी काकांबद्दलची ओळ खोडली, घोड्यावरून उतरल्या आणि वहीचं नवं पान काढलं. काकांनी आपलं स्टूल मुकाट्याने पुढे सरकवलं, पण मावशी बसल्या नाहीत.

"रंग कसा होता, सांगाल?" बाईंनी हळू विचारलं. "नोंदवहीतला फोटो काळापांढरा आहे. इतक्या जवळून तो पाहिलेलं माणूस आता तुम्हीच."

मावशींनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा वर पाहिलं. काठाला दाट होता, म्हणाल्या, विटेसारखा. गुडघ्यापाशी फिका. कमळाच्या आतल्या पाकळ्यांत अगदी ताजा, काल लावल्यासारखा. बादलीतलं पाणी गुलाबी व्हायचं, ते मोरीत ओतलं. बाई अक्षर न् अक्षर लिहून घेत होत्या, एखाद्या विद्वानाचं घ्यावं तसं, आणि प्रत्येक शब्दागणिक मावशींचा आवाज बारीक होत गेला.

"आणखी कुठे होता?"

"तळहातावर," मावशी म्हणाल्या. "तिथला सगळ्यात सहज निघाला."