बारावं कार्ड

लेक तेरा वर्षांची होणार होती आणि तिला वाढदिवसाची आमंत्रणं हातानं करायची होती. "कशाला हा उपद्व्याप? ग्रुपवर मेसेज टाक, दोन मिनिटांचं काम," मी म्हणाले. ती जाड कागद कापत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळ्यांच्या घरी फोन नसतो, आई."

ती कुणाबद्दल बोलतेय ते मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही. मी गुपचूप कात्री घेतली.

जुलैमध्ये तिच्या वर्गातली एक मैत्रीण प्रोजेक्टसाठी आमच्याकडे आली होती. नेऱ्याच्या पुढं डोंगराखाली वाडी आहे, तिथून ती एसटीनं पनवेलला शाळेत येते. मी तिला पोहे दिले आणि आमच्या माहेरच्या रिवाजाप्रमाणे चौकशी सुरू केली. आडनाव काय, मूळचे कुठले, बाबा काय करतात. मनात खरंच काही नव्हतं. समोरच्याची कुंडली मांडल्याशिवाय आम्हाला चहा गोड लागत नाही, एवढंच. "दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात," ती म्हणाली. "आई पण." मी म्हणाले, "अगं बाई." शब्द दोनच, पण ते कसे निघाले ते त्या पोरीनं बरोबर ऐकलं. अर्धे पोहे तसेच ठेवून ती उठली आणि नंतर कधी आमच्या घरी आली नाही.

आता तिच्यासाठीचं कार्ड सगळ्यात आधी तयार झालं. त्यावर एका बाकावर बसलेल्या दोन मुली काढल्या होत्या, एकीची वेणी दुसरीच्या खांद्यावर. उरलेल्या अकरा कार्डांचं काम तीन संध्याकाळी चाललं. मी रेघ मारली की वाकडी, डिंक लावला की जास्त. आतल्या खोलीत नवरा दार लावून लॅपटॉपसमोर बसलेला. त्याची नोकरी जाऊन चार महिने झाले होते. सोसायटीत आम्ही 'वर्क फ्रॉम होम' सांगायचो.

शुक्रवारी अकरा कार्डं वाटली गेली आणि बारावं परत आलं.

"नको म्हणाली," लेकीनं ते टेबलावर ठेवलं. "म्हणाली, तुझ्या आईला आवडणार नाही. मला वाढदिवसच नकोय आता."

मी तिच्यावरच खेकसले. एवढ्याशा गोष्टीसाठी अकरा जणींना काय तोंड दाखवणार, वगैरे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, आणि मला माझी लाज वाटली.

मानाचं आमंत्रण पोरांच्या हाती धाडत नाहीत, घरी जाऊन कुंकू लावून देतात, असं माझी आई म्हणायची. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मी त्या कार्डाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. "लग्नपत्रिका आहे का ती?" लेक करवादली, पण स्कूटरवर मागं बसली. नेरे येईपर्यंत एकच वाक्य बोलली. "तिथं कुणाला काही विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

मैत्रिणीची आई अंगणात भांडी घासत होती. मैत्रीण दारात आली, आम्हाला पाहून तिथंच थांबली. मी तिच्या आईला कुंकू लावलं, कार्ड पुढं केलं. तिनं हात पदराला पुसून ते घेतलं आणि चित्राकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे.

"तुमी मूळच्या कुटल्या?"

"साताऱ्याकडच्या."

"आन मालक काय करतात?"

लेकीनं मागून माझी ओढणी घट्ट धरली. दारातली पोर डोळे न हलवता माझ्याकडे बघत होती. 'वर्क फ्रॉम होम' जिभेवर तयार होतं. चार महिन्यांत ते इतकं सवयीचं झालं होतं की खोटं वाटतही नव्हतं.

"नोकरी गेलीय त्यांची," मी म्हणाले. "घरीच असतात." आणि तिच्या 'अगं बाई'ची वाट बघत उभी राहिले. मला खरोखर भीती वाटत होती.

"मग उभ्या कशाला? बसा की," ती म्हणाली आणि दाराकडे वळली. "चाय ठेव गो. काकूंना साखर इचार."

पोर अंगणात आली. आधी तिनं आईच्या हातातलं कार्ड घेतलं, हळदीचं बोट लागलेला कोपरा निरखला, लेकीकडे पाहिलं. मग मला विचारलं, "काकू, उद्या पोहे असतील?"

"असतील," मी म्हणाले. "तू संपवेपर्यंत मी गप्प बसेन."