तीन घोट पाणी

चूक दिसली की माझ्यानं गप्प बसवत नाही. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, लाल पेन्सिल बोटांत मुरली आहे. भाजीवाल्यानं मापात मारलं की मी बोलते, कीर्तनकारानं कथेत गोंधळ घातला की भर सभेत उठून सांगते. नातेवाईक मला बिचकून असतात, आणि असू देत. पण अशा माझ्यासारखीनं एक चूक दोन वर्षं पोटात दाबून ठेवली होती. ती का ठेवली आणि शेवटी कशी बाहेर पडली, ते एकदा सांगून टाकते.

आमचं घर ठाण्याच्या टोकाला, आग्रा रोडच्या वळणावर होतं. टेंभी नाक्यापर्यंत चालत अर्धा-पाऊण तास. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यापासून वीस पावलांवर रस्ता. वडील कल्याणला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, रोज गाडीनं जाऊन येऊन. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, नुकताच ठाण्यातल्या एका गिरणीच्या ऑफिसात लागलेला. मी मॅट्रिकच्या वर्गात. आणि आई.

रस्त्यावर डांबर होतं, पण जेमतेम एका लॉरीपुरतं. दोन्ही अंगांना खडी. त्याच्यावरून नाशिककडच्या लॉऱ्या, गवताच्या बैलगाड्या, मिठाच्या गाड्या, टांगे, म्हशी आणि शाळेची पोरं अशी सगळी वरात एकत्र चालायची. गाडीवान गवतावर आडवा झालेला, बैल आपले सवयीनं चाललेले. लॉरीवाला आदल्या रात्रीपासून जागा, डोळे तांबारलेले. चालणाऱ्यानं कुठून चालायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. वळणावर पुढचं काही दिसायचं नाही, तरी सगळे देवावर हवाला ठेवून वळायचे. देवाला तेवढंच काम होतं की काय, कोण जाणे!

स्वातंत्र्य मिळून तीनेक वर्षं झाली असतील. दसरा होऊन चार दिवस झाले होते. दादानं कल्याणच्या बाजारातून जुनी सायकल आणली होती आणि आईनं दसऱ्याला तिची पूजा करून हँडलला झेंडूची माळ बांधली होती. माळ सुकली तरी तो ती काढू देईना. मी चिडवायचे, "नवरदेव निघाले बघा घोड्यावरून!" तो म्हणायचा, "तू बस हातात वही घेऊन. म्हातारी होईस्तोवर बसशील." बसलेच मी. त्याचं एवढं मात्र खरं झालं.

दुपारी तो जेवायला घरी यायचा. त्या दिवशी वळणावर गवताच्या चार गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. मागून विटांची लॉरी आली, तिला दम धरवेना, ती गाड्यांना वळसा घालून पुढे घुसली. समोरून दादा. आम्हाला आधी ब्रेकचा आवाज ऐकू आला आणि मग विटा पडल्याचा.

आई भाताचं पातेलं उतरवत होती. ती तशीच धावली. ड्रायव्हर लॉरी सोडून शेतातून पळत सुटला होता. थांबला असता तर लोकांनी त्याला तिथंच बडवला असता, हे त्यालाही माहीत होतं. माणसं गोल करून उभी होती आणि कुणी पुढे होत नव्हतं. एक कोटवाले गृहस्थ सांगत होते, "हात लावू नका. पंचनामा होऊ द्या. उद्या तुमचंच नाव येईल."

दादा उताणा पडला होता. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत बघणं नव्हतं. घशातून घरघर येत होती. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मला ओरडली, "पाणी आण! तहानलाय गं, घसा कोरडा पडलाय त्याचा!" मी पळाले. माठातून तांब्या भरला आणि थेंब न सांडता आणून तिच्या हातात दिला. मी आणला, मी. तिनं दोन बोटांनी त्याचे ओठ उघडले आणि धार धरली. गळ्याची घाटी हलली. "प्याला गं," ती म्हणाली. परत धरली. तीन घोट गेले. मग त्याला ठसका आल्यासारखं झालं, छाती वर उचलली, चेहरा काळवंडला, आणि घरघर थांबली. आईला वाटलं, बरं वाटलं त्याला. मलाही तेच वाटलं.

गवताच्या गाडीवाल्या आगरी काकांनी त्या कोटवाल्याला बाजूला ढकललं. "उचला त्याला, गारीन घाला! पंचनामा कराला सारा दिस हाय." त्यांनी गवत रस्त्यावर लोटून गाडी रिकामी केली आणि बैल पळवत दवाखान्यात नेली. तिथं डॉक्टरांनी नाडी बघून मान हलवली. दादा वाटेतच गेला होता.

माझी आई त्या दुःखातून कशी उभी राहिली ते सांगते. त्या तीन घोटांवर राहिली. भेटायला येईल त्याला ती सांगायची, "तहानलेला नाही गेला हो माझा. माझ्या हातचं पाणी पिऊन गेला." बाया डोळे पुसून म्हणायच्या, "पुण्याई तुमची. एवढं कुणाच्या नशिबी असतं?" वर्षभरानं ती पुन्हा नीट जेवायला लागली, दोन वर्षांनी एकदा हसलीही. आणि तो तांब्या चिंचेनं घासून, भरून, तिनं दाराशी ठेवला तो कायमचा.

त्या वळणावर काही ना काही व्हायचंच. कधी टांगा उलटायचा, कधी सायकलवाला खडीवरून घसरायचा, कधी लॉरी खड्ड्यात जायची. आवाज झाला की आई तांब्या उचलून धावायची. पोलीस येईपर्यंत लोक दुरून बघत राहायचे आणि ही मात्र सरळ जाऊन डोकं मांडीवर घ्यायची. लोक तिला पाणीवाल्या काकू म्हणायला लागले. मला तिचा केवढा अभिमान वाटायचा!

मी शिक्षिका झाले आणि आमच्या शाळेत मास्तर लोकांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग निघाला. शनिवारी दुपारी एक ठेंगणे डॉक्टर यायचे, मोडलेल्या हाडाला बांधायच्या खपच्या आणि त्रिकोणी पट्ट्या घेऊन. एकदा त्यांनी विचारलं, "रस्त्यात माणूस बेशुद्ध पडलाय. काय द्याल?" हात सगळ्यांत आधी कुणाचा वर? माझाच. मी उभी राहून खणखणीत सांगितलं, "आधी पाणी पाजावं."

डॉक्टर हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही माणूस मारलात."

वर्ग खो खो हसला. मीही हसले, सवयीनं. मग त्यांनी फळ्यावर घशाचं चित्र काढलं. शुद्धीत नसलेल्याला गिळता येत नाही, पाणी श्वासनळीत उतरतं, माणूस जागच्या जागी गुदमरतो. त्याला कुशीवर वळवा, तोंडातलं रक्त बोटानं काढा, जीभ मागे पडू देऊ नका. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं होतं.

वर्ग सुटल्यावर मी त्यांना गाठलं. "डॉक्टर, तीनच घोट पाजले असतील तर?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घरघर होती?" "होती." "मग डोक्याला मार असणार. तसाही गेला असता कदाचित. सांगता येत नाही. कोण होतं?" मी म्हटलं, "ओळखीचं होतं कुणी."

घरी जायची छाती होईना. स्टेशनवर जाऊन बाकावर बसले आणि कल्याणहून वडील उतरले तेव्हा तिथंच त्यांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तिला सांगू नकोस. तेवढंच आहे तिच्याजवळ."

"अहो बाबा, पण ती उद्या दुसऱ्या कुणाला पाजेल. दुसऱ्याचा मुलगा असेल तो!"

"बघू," वडील म्हणाले.

त्या 'बघू'त दोन वर्षं गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी काय नाही केलं! तांब्या माळ्यावर लपवला, तिनं दुसरा भरून ठेवला. "आई, डॉक्टर म्हणतात, बेशुद्ध माणसाला काही देऊ नये," असं सहज बोलल्यासारखं सांगून पाहिलं, तर म्हणाली, "तुझ्या डॉक्टरांना मेलं कधी तहान लागली नसेल." आवाज आला की मी तिच्या आधी पोचायला धावायचे. एकदा एक टांगेवाला पडला होता, तो उठून बसला आणि तांब्यातलं पाणी गटागटा प्याला. तो शुद्धीवर होता म्हणून मी वाचले. घरी येऊन न्हाणीत जाऊन रडले. जिभेवर आलेलं रोज गिळत होते, आणि शाळेत पोरांना सांगत होते, खरं बोलावं.

मग तो रविवार आला. सकाळची वेळ, मी ओट्यावर वह्या तपासत होते. लोखंडाच्या सळ्या भरलेली लॉरी एका सायकलवाल्याला उडवून गेली. मी चप्पल शोधत बसले, काय म्हणावं माझ्या अकलेला! पोचले तोवर आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दादाच्याच वयाचा पोरगा. डोळे अर्धे उघडे, घशात तीच घरघर. तांब्या त्याच्या ओठांना लागला होता.

"आई, नको!"

"अगं तहानलाय. घसा ऐक कसा वाजतोय."

मी तिचं मनगट धरून ओढलं. तांब्या निसटला, डांबरावर आपटत गेला, पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. लोक माझ्यावर तुटून पडले. मास्तरीण असून लाज नाही, मरत्याच्या तोंडचं पाणी पाडते! आई तर माझ्याकडे बघतच राहिली. "वैऱ्यालासुद्धा पाणी नाकारत नाहीत गं," ती म्हणाली.

मी पोराला कुशीवर वळवत होते. त्याच्या तोंडात बोट घालून रक्ताची गुठळी काढत होते. आणि त्या घाईत, त्या रागात, दोन वर्षं दाबलेलं सगळं तोंडातून गेलं. "अगं, बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही! पाणी छातीत जातं. गुदमरून मरतो माणूस!"

घरघर थांबली. त्याचा श्वास मोकळा झाला, लांब, सरळ. तेवढ्यात एस.टी. आली. कंडक्टरनं मागची बाकं रिकामी करून घेतली आणि आम्ही त्याला आमच्याच दाराच्या फळीवर घालून आत ठेवला. गाडी गेल्यावर मी वळून पाहिलं. आई अजून रस्त्यातच बसली होती, मांडी तशीच घातलेली.

"मग तो?" तिनं विचारलं.

मला सगळ्या गोष्टींची उत्तरं येतात असं मी समजत होते. डॉक्टर म्हणाले होते 'तसाही गेला असता', ते मी नंतर शंभर वेळा तिला सांगितलं. पण त्या घटकेला सांगायला हवं होतं, आणि मी गप्प राहिले. तिनं माझ्या तोंडाकडे बघून काय ते समजून घेतलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दोन वर्षं."

"यांना?"

"त्यांनाही."

तिनं तांब्या उचलला. त्याला पोचा आला होता. पदरानं पुसून ती घरात गेली आणि स्वयंपाकाला लागली. वडील आले तेव्हा तिनं त्यांना नेहमीसारखं वाढलं, फक्त पाणी वाढलं नाही. ते त्यांचं त्यांनी घेतलं.

पोरगा वाचला. तीन महिन्यांनी काठी टेकत आला, त्याची आई बरोबर होती. ती माणसं आंबिवलीकडची होती, शेतकरी. नारळ, वालाच्या शेंगा आणि चार काकड्या आणल्या होत्या. लोकांनी तिला सांगितलं होतं की पाणीवाल्या काकूंनी वाचवला. ती माउली आत आली ती सरळ आईच्या पायांवर पडली. "बाय, तुमी होत्या म्हनून माजा पोर घरी आला," असं म्हणून ती रडायला लागली. आईनं तिला उठवलं, जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता फुटेल माझी आई. ती फुटली नाही.

उन्हातून आलेला तो पोरगा म्हणाला, "काकू, जरा पानी द्या ना."

आई सवयीनं उठली. माठाशी गेली, पेला भरला, दोन पावलं आली आणि थांबली. तिनं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू दे."

ती माणसं गेल्यावर तो पोचा आलेला तांब्या घासत ती माझ्याकडे न बघता बोलली, "माझ्या वेळी मात्र घाल हं पाणी. शुद्ध गेल्यावर घाल. तीन घोट. त्याला काय झालं असेल ते मला कळू दे."

"गप गं आई," मी म्हटलं.

पुष्कळ वर्षांनी तिची वेळ आली. दोन दिवस शुद्ध नव्हती, घशात घरघर लागली होती. शेजारणी गंगेची कुपी फोडून माझ्या हातात देत होत्या, म्हणत होत्या, पोटची पोर ना तू, चमचाभर तरी घाल. मी तिला कुशीवर वळवलं आणि ओल्या कापसानं तिचे ओठ तीनदा पुसले. पाणी घातलं नाही.